सटवाईच्या आधी पोचणारी बाई

मुंबईच्या माणसाला विठ्ठलवाडी म्हणजे कल्याण सोडल्यावर कर्जतच्या मार्गावर लागणारं पहिलं स्टेशन. घाटावरच्या माणसाला मात्र ती एसटीचा डेपो म्हणून ठाऊक. माळशेज चढून जुन्नर-नगरकडे जाणारा रस्ता इथून जवळ, त्यामुळे आसपासच्या चाळींमध्ये घाटावरची वस्ती बरीच. दिवाळी, लग्नसराई किंवा गावची जत्रा आली की कितीतरी दारांना कुलपं लागतात. पारनेर, आष्टी, पाटोदा, जामखेड या पावसाने टाकलेल्या तालुक्यांनी उल्हासनगर-अंबरनाथच्या कारखान्यांना माणसं पुरवली, आणि कारखाने बंद पडले तेव्हा बिगारीलाही पुरवली.

शेजारच्या वहिनींचं माहेर जामखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगरातलं. त्यांच्या मावशी तिथे वर्षानुवर्षं गावच्या आरोग्यसेविका होत्या. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठे आहे ते सांगते, आडवं असेल तर दोन महिने आधीच गाडीची सोय करायला लावते, हे मी ऐकत आले होते. माहेरच्या माणसांविषयी बोलताना जेवढी भर पडते तेवढी मनातल्या मनात वजाही करत आले होते. पावसाळा सरता सरता वहिनी माहेरी निघाल्या आणि मी त्यांच्याबरोबर निघाले.

शहाडला सेंच्युरी रेयॉनच्या परिसरातलं विठ्ठलाचं देऊळ मागे पडतं, रायत्याच्या पुलावर उल्हास नदी ओलांडली की शहर संपल्यासारखं वाटतं. खरं तर ते संपत नाही. गोवेली, मुरबाडपर्यंत प्लॉट पाडल्याच्या पाट्या दिसत राहतात. पण त्याच मुरबाड तालुक्यात ठाकर, कातकरी आणि महादेव कोळ्यांचे असे पाडे आहेत, जिथून पावसाळ्यात अडलेल्या बाईला झोळीत घालून डांबरी रस्त्यापर्यंत आणावं लागतं. दर पावसाळ्यात ठाणे-पालघरच्या कुठल्यातरी पाड्यावरचा असा फोटो पेपरात येतो, पुढारी रस्त्याचं आश्वासन देतात आणि पुढच्या पावसात दुसऱ्या पाड्याचा फोटो येतो. रस्ता हवाच. पण झोळी बांधायची वेळ येण्याच्या तीन महिने आधी त्या बाईच्या घरात कोण डोकावलं होतं, हे त्या बातमीत कधी नसतं. माझ्या पुढच्या सगळ्या प्रवासाचा विषय तोच ठरला.

वैशाखऱ्याच्या पुढे डावीउजवीकडे सह्याद्रीची भिंत उभी राहते. इथूनच नाणेघाटाची वाट फुटते. कल्याण बंदरात उतरलेला माल दोन हजार वर्षांपूर्वी याच वाटेने जुन्नर आणि पैठणकडे जायचा, आणि घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख कोरलेला आहे. आमची गाडी मोरोशीवरून माळशेजला लागली. धबधबे ओसरले होते, सोनकीने उतार पिवळे झाले होते. घाट संपून पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी दिसलं आणि हवा एकदम कोरडी झाली. कोकण आणि देश यांच्यात इतकी काटेकोर सीमा असेल असं नकाशात पाहून वाटत नाही. वीस-पंचवीस किलोमीटरमध्ये भात संपतो आणि बाजरी सुरू होते.

ओतूरला तुकोबांचे गुरू मानले जाणारे बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे. थोडं पुढे आळे. तिथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. वहिनींनी खिडकीतूनच हात जोडले. वेद म्हणणाऱ्या रेड्याची गोष्ट आपण लहानपणापासून चमत्कार म्हणून ऐकतो, पण त्या गोष्टीतला टोला रेड्याला नाही. तो पैठणच्या शास्त्र्यांना आहे: ज्ञान कोणाच्या तोंडी शोभतं हे ठरवणारे तुम्ही कोण? जामखेडला पोचेपर्यंत हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला, कारण तिथे तो डॉक्टरांनीच डॉक्टरांना विचारला होता.

बेल्हे, टाकळी ढोकेश्वर, भाळवणी करत नगर आलं. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं असलं तरी एसटीतले लोक अजून नगरच म्हणतात. भुईकोट किल्ला आणि नेहरूंचा तुरुंगवास सगळ्यांना माहीत आहे. माझं लक्ष होतं ते शहराच्या दुसऱ्या इतिहासाकडे. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये इथे ठाणं मांडलं. सिंथिया फरार या बाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिकेचं प्रशिक्षण त्यांच्याकडे घेतलं. रेव्हरंड ना. वा. टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या संसाराची बरीच वर्षं नगर आणि राहुरीत गेली. मराठी ख्रिस्ती समाजाची एक अस्सल देशी, अभंगात रमणारी, शाळा-दवाखान्याला धर्मकार्य मानणारी परंपरा या जिल्ह्यात रुजली. तिचं श्रेय मिशनऱ्यांना द्यायचं की इथल्या मातीला, याबद्दल वाद घालता येईल. मी अर्धं-अर्धं देईन.

याच परंपरेत राहुरीला १९३४ मध्ये रजनीकांत आरोळे जन्मले. आई-वडील दोघेही शिक्षक. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांची गाठ मेबल इमॅन्युएल यांच्याशी पडली. त्या जबलपूरच्या, त्यांचे वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक. १९६० मध्ये लग्न करताना दोघांनी एक शपथ घेतली, की आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी घालवायचं. अशा शपथा तरुणपणी पुष्कळ जण घेतात. नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काही वर्षं काढल्यावर या दोघांना एक हिशेब छळू लागला. हॉस्पिटलात येणारे बहुतेक रोगी अशा आजारांचे, जे मुळात व्हायलाच नकोत. आणि बरे झालेले तेच लोक तोच आजार घेऊन पुन्हा येत होते. मग ते अमेरिकेला गेले, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात कार्ल टेलर यांच्याकडे सार्वजनिक आरोग्य शिकले. टेलर हे मिशनरी डॉक्टरांचे चिरंजीव, १९१६ मध्ये मसुरीला जन्मलेले, हिमालयाच्या पायथ्याच्या खेड्यांत आईवडिलांबरोबर फिरलेले. पुढे गडचिरोलीचे अभय आणि राणी बंगही याच विद्यापीठात शिकून आले. महाराष्ट्राच्या दोन टोकांना असलेल्या दोन दुर्गम प्रदेशांतल्या बाळंतिणींचं नशीब बाल्टिमोरच्या एकाच वर्गातून गेलं, हे मला मोठं नवल वाटतं.

नगरहून जामखेडचा रस्ता चिचोंडी पाटील, कडा, आष्टी असा जातो. नगर जिल्ह्यातून बीडमध्ये शिरायचं आणि पुन्हा नगरमध्ये यायचं. हा गुंता जुना आहे. आष्टी निजामाच्या मुलखात, जामखेड इंग्रजांच्या. सरहद्दीवरच्या गावांना कोणीच वाली नसतो, तसं या पट्ट्याचं झालं. माळरान, हलकी जमीन, उडीद-तूर आणि नशिबात असली तर ज्वारी. दसरा-दिवाळीनंतर इथली जोडपी कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. २०१९ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळी, पांढरं जाणं, पोटात दुखणं, असल्या तक्रारींवर पिशवीच काढून टाकायचा सल्ला. एका दिवसाची मजुरी बुडाली तर मुकादम दंड लावतो, म्हणून बायकाही तयार. गाडी कड्याच्या बाजारातून जात होती आणि मी बाजारातल्या बायकांकडे पाहत होते. ज्या बाईला स्वतःच्या शरीराचं कोणी काही सांगितलेलंच नाही, तिला शरीराचा एक भाग नकोसा आहे हे पटवणं फारसं अवघड नसावं.

जामखेड गाव विंचरणा नदीकाठी. तालुक्यातच चौंडी, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव. खर्ड्याचा किल्लाही याच तालुक्यात, जिथे १७९५ मध्ये मराठ्यांनी निजामाला हरवलं. या दोन गोष्टी पाट्यांवर असतात. तिसरी, जिच्यासाठी परदेशातून माणसं जामखेडला येतात, तिची पाटी साधी आहे: सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प.

आरोळे दांपत्य १९७० मध्ये इथे आलं तेव्हा त्यांना मिळालेली जागा म्हणजे वापरातून गेलेला जनावरांचा दवाखाना. आधी त्यांनी रीतसर केलं. शिकलेल्या नर्सबाई गावोगाव पाठवायच्या ठरवल्या. त्या टिकल्या नाहीत. परक्या गावात एकट्या तरुणीने राहायचं कसं, आणि गावाने तिचं ऐकायचं का? नर्स गरोदर बाईला पोटभर खा म्हणायची. घरातली सासू म्हणायची, जास्त खाल्लं तर मूल मोठं होऊन अडेल. सासूचा शब्द खरा, कारण सासूने पाच बाळंतपणं केलेली. मग डॉक्टरांनी गावांनाच विचारलं, तुम्हीच तुमच्यातली एक बाई द्या. गावांनी दिल्या त्या बहुतेक निरक्षर, बऱ्याच जणी दलित, कोणी टाकलेल्या, कोणी विधवा. गावाच्या लेखी त्यांच्या वेळेला किंमत नव्हती, म्हणून त्या मिळाल्या. हा कारभार चालला तो कोणाच्या उदारपणामुळे नव्हे, हे मला महत्त्वाचं वाटतं.

मावशींचं गाव जामखेडपासून डोंगरात आत आहे. बालाघाट सह्याद्रीसारखा कडे दाखवत नाही. एकामागून एक बुटके, उघडे, दगडी उतार येत राहतात, आणि दोन उतारांच्या मधल्या घळीत एकदम पन्नास-साठ घरं दिसतात. सौताड्याला विंचरणा दरीत कोसळते तेवढा एकच ठसठशीत देखावा. आता रस्ता दारापर्यंत आहे. मावशींच्या तरुणपणी पायवाट होती, आणि पावसात मधला ओढा उतरेपर्यंत थांबावं लागे.

मावशींचं घर गावाच्या खालच्या अंगाला. दारात हातपंप. मी पाणी प्यायले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ताई, ह्या पंपाची गोष्ट मावशीकडनं ऐका." १९७२चा दुष्काळ. लोक सुकडी आणि अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीवर जगत होते. दवाखाना पुरेना, कारण लोकांना औषध नको होतं, पाणी आणि भाकर हवी होती. आरोळ्यांनी गावोगाव लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू केला आणि बोअर घ्यायला मदत मिळवली. पाणी कुठे लागेल ते तपासून जागा ठरायची, आणि ती दलित वस्तीत निघेल हे आवर्जून पाहिलं जायचं. मावशी हसून म्हणाल्या, "आधी आम्ही हिरीवर उभं ऱ्हायचो. कुणी वरनं वतलं तर घ्यायचं. पंप झाल्यावर तेच लोक हांडे घिऊन आमच्या दारात. देवानंच पाणी हितं ठिवलं तर काय करतील?"

प्रशिक्षणाबद्दल मी विचारलं तेव्हा मला वाटलं होतं त्या रोगांची नावं सांगतील. त्यांनी सुरुवात आरशापासून केली. पहिल्यांदा जामखेडला गेल्यावर प्रत्येकीला नाव विचारलं. कोणी सांगेना. कोणी म्हणे अमक्याची बायको, कोणी तमक्याची आई. मग आरशासमोर उभं राहून स्वतःचं नाव मोठ्याने घ्यायचं, हा पहिला धडा. मावशींना तो जमायला किती तरी दिवस लागले. आठवड्याला दोन दिवस जामखेडला मुक्काम असायचा. सगळ्या जातींच्या बायकांनी मिळून रांधायचं, एका पंगतीत जेवायचं आणि रात्री एका भल्यामोठ्या वाकळीखाली झोपायचं. ही वाकळ मुद्दाम शिवून घेतली होती. थंडीच्या दिवसांत कडेची बाई वाकळ ओढायची, मधली तिला शिव्या द्यायची. वाकळ एकच असल्यामुळे विटाळ पाळायचा तर गारठून मरावं लागे. मेबल डॉक्टर छातीचे एक्स-रे समोर धरून विचारायच्या, यातलं मराठ्याचं काळीज कुठलं आणि महाराचं कुठलं?

महिने असे गेले आणि मग कुठे हगवण, गोवर, खोकला हे विषय आले. वैद्यकीय प्रशिक्षणात पहिला अध्याय आजाराचा नसून शिकणारणीच्या अंगावरच्या भीतीचा असावा, ही गोष्ट मला तोपर्यंत कुठल्याच सरकारी पुस्तिकेत दिसली नव्हती. मावशींच्या मते सगळं औषध त्यातच होतं. "गोळ्या काय, डॉक्टरबी देतोय. सासूसमोर तोंड उघडायचं कुणी शिकवायचं?"

त्या रात्री गावातल्या एका घरी पाचवी होती. बाळंतिणीच्या खोलीत पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा केली होती, शेजारी कोरा कागद आणि पेन. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते. शहरातही पुष्कळ घरांत हे होतं. आमच्या चाळीत मी स्वतः पाहिलेलं आहे. मावशींनी मला शेजारी बसवून जे सांगितलं ते मात्र नवं होतं.

पूर्वी याच दिवसांत बाळं जायची. चांगलं रडणारं, पिणारं बाळ पाचव्या-सातव्या दिवशी अंगावर पिईनासं व्हायचं, जबडा आवळायचा, पाठीची कमान व्हायची आणि संपायचं. सटवाईने नेलं, असं लोक म्हणायचे. तो होता धनुर्वात. नाळ विळ्याने नाहीतर सापडेल त्या पात्याने कापायची, वर शेण किंवा राख लावायची. जंतू नाळेतून शिरले की विष अंगात भिनून लक्षणं दिसायला बहुधा हेच पाच-सात दिवस लागतात. म्हणजे सटवाईची तिथी कोणी अंधपणे ठरवलेली नव्हती. पिढ्यान्‌पिढ्या मुलं कोणत्या दिवशी मरतात हे बायकांनी नेमकं टिपलेलं होतं. निरीक्षण बरोबर, कारण तेवढं चुकीचं.

मग काय करायचं? सटवाई खोटी आहे म्हणायचं? मावशींनी कानाला हात लावला. "असं म्हणलं आसतं तर मला उंबऱ्यात कुणी उभं केलं नसतं. मी म्हणायची, पाचवी जोरात करा, मी येते. पण नाळ कापायला पातं मी आणलेलं. उकळलेलं. दोरा माझा, साबण माझा, आणि पोटुशी असताना दोन सुया घ्यायच्या. सटवाईला चांगलं ल्ह्यायला आपण चांगला कागद द्यावा का नको?" गरोदरपणी आईला धनुर्वाताची लस दिली तर बाळालाही संरक्षण मिळतं, हे विज्ञान त्या एका वाक्यात आलं होतं. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. त्यामागे लसीकरण आहे, दवाखान्यातली बाळंतपणं आहेत. पण अशा किती बायका सटवाईच्या आधी त्या खोलीत पोचल्या होत्या, याची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही.

बाकीचं शिकणंही असंच घरातल्या समजुतींच्या अंगाने चालायचं. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायची रीत होती. मावशी विचारायच्या, गाय व्याल्यावर वासराला चीक पाजता ना? मग लेकराने काय घोडं मारलंय? हगवण लागलेल्या मुलाचं पाणी तोडायचे. मावशींनी एका मडक्याला बुडाशी भोक पाडून दाखवलं, की वरून ओतलं नाही तर काय उरेल. उकळून गार केलेल्या पाण्यात साखर आणि मीठ मोजून घालायचं, ही जलसंजीवनी त्यांनी गावातल्या प्रत्येक चुलीपाशी बसून करायला लावली. पहिलटकरीण असेल तर तिच्या सासूला आधी गाठायचं, सुनेला नंतर. हा क्रम महत्त्वाचा, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी शेवटी तो अवघड प्रश्न विचारलाच. डॉक्टर ख्रिस्ती, मिशनच्या वळणातले. त्यांनी कधी धर्माचं काही सांगितलं का? मावशी विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "सांगितलं की. हात धुवा म्हणले."

मावशींच्या घरात खंडोबाचा टाक आहे, बाबासाहेबांचा फोटो आहे आणि दोन्ही डॉक्टरांचाही आहे. श्रद्धेतून उभ्या राहिलेल्या कामाबद्दल आपल्याकडे दोनच प्रकारे बोललं जातं: एक तर भाबडं कौतुक, नाहीतर धर्मांतराचा संशय. जामखेडला श्रद्धेचं काम वेगळंच दिसलं. तिने दोन शिकलेल्या माणसांना चाळीस अंशांच्या उन्हात आणि दुष्काळात जागेवरून हलू दिलं नाही. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. तोवर ते जामखेडचेच राहिले आणि काम पुढे मुलगी शोभा आणि मुलगा रवी यांनी चालवलं. गावकऱ्यांचे देव तिथल्या तिथे राहिले.

आकडेही आहेत. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ मध्ये या गावांत जन्मलेल्या दर हजार बाळांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत. नव्वदच्या दशकात हा आकडा तिसाच्या खाली आला. प्रकल्प स्वतःचेच आकडे सांगतो, असं म्हणून शंका घेता येईल, आणि घ्यावीही. २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात बाहेरच्या संशोधकांसह केलेली पाहणी छापून आली. आसपासच्या इतर गावांशी तुलना करता प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी होता. हा फरक मुख्यतः पहिल्या महिन्यानंतरच्या वयातला. त्या पहिल्या, सर्वांत नाजूक महिन्यासाठी गडचिरोलीत बंग दांपत्याने आरोग्यदूत बायकांना घरोघरी नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवलं आणि १९९९ मध्ये त्याचे निष्कर्ष जगासमोर ठेवले. एकाने सोडलेली जागा दुसऱ्याने भरली, असं मला ते वाचताना वाटतं.

जामखेडची गोष्ट बाहेर लवकर गेली. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने लोकांनी चालवलेल्या आरोग्यसेवेवर केनेथ न्यूवेल यांनी संपादित केलेलं पुस्तक काढलं, त्यात आरोळ्यांचं प्रकरण आहे. १९७८ मध्ये अल्मा-आटा इथे जगातल्या देशांनी सर्वांसाठी आरोग्य असा ठराव केला, त्यामागे ज्या थोड्या जागांची उदाहरणं होती त्यांत जामखेड होतं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुक्ताबाई पोळ या इथल्या आरोग्यसेविका वॉशिंग्टनला जाऊन परिषदेत बोलून आल्या. महाराष्ट्रात तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांनी याच धर्तीवर 'भारतवैद्य' घडवल्या, आणि खुद्द आरोळ्यांनी भंडारदऱ्याच्या आदिवासी डोंगरातही हे काम नेलं. परतताना माळशेजहून उत्तरेला हरिश्चंद्रगडाची रांग दिसते, त्या डोंगरांच्या पलीकडचा तो मुलूख.

२००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं तेव्हा रजनीकांत आरोळे त्याच्या सुकाणू समितीवर होते, आणि गावातलीच बाई आरोग्यसेविका ही कल्पना 'आशा' या नावाने देशभर गेली. इथे माझं मत जरा कडू आहे. सरकारने जामखेडकडून बाई घेतली, आरसा आणि वाकळ घेतली नाही. आशाला कामागणिक मोबदला ठरला, नोंदवह्या आल्या, मोबाइलवरची अॅप्स आली. गावात ज्या प्रश्नांवर बोलायचं, त्या जातीवर आणि सासूवर बोलायला तिला कोणी शिकवलं नाही. उलट बाजूही खरी आहे. विनापगारी सेवेचं कौतुक करणं बाहेरच्यांना सोपं जातं. जामखेडच्या सेविका मानधनावर नव्हे तर शेळ्या, बांगड्या, भाजी अशा छोट्या धंद्यांवर उभ्या राहिल्या, पण सगळ्या देशाने तसंच राहावं असं म्हणता येणार नाही. महाराष्ट्रातल्या आशा २०२३ च्या शेवटी आणि २०२४ च्या सुरुवातीला मोबदल्यासाठी संपावर गेल्या, त्यात मावशींची सूनही होती.

होय, सून आशा आहे. बारावी शिकलेली, चटपटीत, बोटं फोनवर भराभर चालणारी. सासू-सुनेत या विषयावर वाद चालतो आणि तो ऐकण्यासारखा असतो. सून म्हणते, "आत्या, तुमच्या टायमाला गावात दुसरं कुणी नव्हतं. आता लोकं डायरेक्ट जामखेडला सोनोग्राफीला जातात." मावशी म्हणतात, "जातात ना. आन येऊन मलाच इचारतात, डॉक्टर काय म्हणला." संपाबद्दल मात्र मावशी सुनेच्या बाजूने बोलल्या. "आम्हाला पगार नव्हता, त्यामुळं आम्हाला कुणी काढूबी शकत नव्हतं. हिला काम सांगतात तर पैसा द्याया नको?"

सकाळी अंगणवाडीत लसीकरण होतं. सून यादी घेऊन निघाली आणि उंबऱ्यातून माघारी फिरली. वरच्या आळीतल्या एका घराने मागच्या वेळी सुईनंतर पोराला ताप आला म्हणून या खेपेला दार लावून घेतलं होतं. ती मावशींना म्हणाली, "तुम्ही चला बरं. तुमचं ऐकतात ते." मावशी शेळीला पाला टाकत होत्या. हात पदराला पुसून त्यांनी चपला शोधल्या.

"चल. पण बोलायचं तू. मी नुसती बसते."